दुखत नाही असं म्हणू नये

माझ्या सासूबाईंचा उजवा गुडघा त्यांचा स्वतःचा नाही. मन्सूरा शहरातल्या इस्पितळात जुना कापून काढला आणि त्या जागी धातूचा बसवला, त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. धातू कुठला, बनवला कुणी, टिकणार किती, यातलं आमच्या घरात कुणालाही काही ठाऊक नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल. पण त्या दिवशी माझे मोठे दीर शौकी कुवेतहून फोनवर रडत होते, माझा नवरा सब्री जिन्यात सिगरेट ओढत होता आणि मी रक्त द्यायच्या रांगेत उभी होते. ऐकलं असेल तर भिंतींनी.

सासूबाई, म्हणजे हाज्जा अतियात, सांगतात, "माझा जर्मन आहे." समोरच्या घरातली उम्म करम, म्हणजे करमची आई, जिचा गुडघा त्याच महिन्यात बदलला, ती म्हणते, "माझा स्विस." दोघींनीही तो कधी पाहिलेला नाही. तरी दोन वर्षं त्यावरून वाद चाललाय.

"लोखंडाचा आहे ना तुझा?" उम्म करम म्हणते. "मग पावसाळी हवेत गंजेल."

"गंजायला तो काय तुझ्या नवऱ्याची सायकल आहे?"

उम्म करमचं पुढे काय झालं ते आख्ख्या गल्लीला माहीत आहे. ऑपरेशननंतर तिचा गुडघा इतका छान झाला, की पुतण्याच्या लग्नात ती कमरेला ओढणी बांधून नाचली. बायकांनी जिभा हलवून हलवून आरोळ्या दिल्या. कुणीतरी म्हणालं, "बघा, हरणी कशी नाचतेय!" त्याच आठवड्यात गुडघा कलिंगडासारखा सुजला. पुन्हा कापावा लागला. तेव्हापासून तिच्या हातात काठी आहे. डॉक्टर म्हणाले, आत जंतू गेला. आमच्या गल्लीत त्यावर कुणाचा विश्वास नाही. म्हणजे जंतू असेलही, पण तो गेला कसा? कुणाच्या तरी डोळ्यातून.

त्या दिवसापासून हाज्जांनी कण्हायला सुरुवात केली.

तोपर्यंत त्यांचंही दुखायचं थांबलं होतं, असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणते, कारण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि मी विचारायचा प्रश्नच नव्हता. त्या आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. घर जुन्या बांधणीचं, वरचं सगळं खाली ऐकू येतं. एकट्या असल्या की त्यांची पावलं सरळ, एका लयीत पडतात, स्वयंपाकघर ते गच्ची, गच्ची ते स्वयंपाकघर. दाराची घंटा वाजली की लगेच एक पाय ओढला जातो. कधी उजवा, कधी डावा. पाहुण्यांना फरक कळत नाही, कारण पाहुणे चेहऱ्याकडे बघतात, आणि चेहरा त्या फार उत्तम करतात.

एकदा दुपारी मी त्यांच्यासाठी गरम भाकऱ्या घेऊन वर गेले. दार अर्धवट उघडं होतं. हाज्जा नमाज पढत होत्या. लोकांसमोर त्या खुर्चीवर बसून पढतात. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केलीय, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. पण त्या दुपारी त्या सतरंजीवर होत्या. कपाळ जमिनीला टेकवलेलं, दोन्ही गुडघे वाकवलेले. आणि मग हात न टेकवता उठल्या, जशी मी चाळिशीतही उठत नाही. मी उलट्या पावली दोन पायऱ्या खाली उतरले आणि चप्पल जोरात आपटत पुन्हा वर आले. "हाज्जा, येऊ का?" आत गेले तोवर त्या खुर्चीत होत्या, गुडघ्याला हात लावून.

"ये पोरी. आज तर जीव जातोय बघ."

"अल्ला आराम देवो," मी म्हटलं आणि भाकऱ्या ठेवल्या.

आता कुणी म्हणेल, तूच का नाही सांगितलंस? सुनेनं सासूच्या गुडघ्याला 'छान आहे' म्हणायचं? आमच्याकडे याहून मोठा गुन्हा एखादाच असेल. आई म्हणाली तर कौतुक, शेजारीण म्हणाली तर शंका, सून म्हणाली तर सरळ दृष्ट. हाज्जा दर गुरुवारी कागदाची बाहुली कापतात, सुईनं टोचत नावं घेतात, "ही उम्म करमच्या डोळ्यातून, ही तिच्या बहिणीच्या डोळ्यातून," आणि मग ती निखाऱ्यावर जाळून धूप फिरवतात. नावांच्या रांगेत नगवा, म्हणजे मी, तिसरी असते. माझ्यासमोरच घेतात. त्यात राग नसतो, नुसती खबरदारी. मीच त्यांना सुई शोधून देते.

आमच्या गावाचं नाव दुम्यात. इथं लाकडाला तोटा नाही. गल्लीत दर चौथ्या दाराआड खुर्च्यांचे पाय घासले जातात आणि जेवणातसुद्धा भुसा येतो. कुणी काही चांगलं बोललं की हात लावायला लाकूड शोधावं लागत नाही. पण हाज्जांचा तेवढ्यावर भरवसा नव्हता. त्यांचं म्हणणं, लाकूड ठीक आहे, पण दुखणं त्याहून भक्कम. ज्याला दुखतं त्याचा हेवा कोण करतं?

अडचण एवढीच, की हे कण्हणं कुवेतपर्यंत पोचत होतं.

शौकी रोज संध्याकाळी फोन करायचे. "यम्मा, गुडघा कसा आहे?" हाज्जांना कोण ऐकतंय हे कधी माहीत नसायचं. त्यांच्या मते फोनच्या तारेतूनही डोळा जातो. त्या म्हणायच्या, "अल्लाची मर्जी, बाळा. जिवंत आहे एवढंच." पोरगा परदेशात, आईजवळ नाही म्हणून आधीच जीव टांगणीला लागलेला. त्यात रोज हे. शेवटी या उन्हाळ्यात ते सुट्टी काढून आले, आणि आल्या आल्या म्हणाले, "आधी डॉक्टर, मग पाहुणे."

मन्सूरात डॉक्टर वगीह यांची खोली म्हणजे चहाचं दुकान. दार सताड उघडं. एक पेशंट टेबलावर, दुसरा खुर्चीत, तिसऱ्याचा भाऊ भिंतीला टेकलेला. आमच्याबरोबर उम्म करमही होती. "माझाही दाखवून घेते, गाडी जातेच आहे." शौकी, मी आणि दोन परिचारिका. एवढ्या लोकांत डॉक्टरांनी शांतपणे विचारायला सुरुवात केली. माणूस सज्जन. आवाज खालचा, पण खोली लहान.

"हाज्जा, अंथरुणात पडल्यावर गुडघ्याची आठवण होते का?"

"आठवण? तो मला झोपू देतो कुठे!"

"जिना चढताना?"

"कुणी सुरी फिरवतंय आत."

"खुर्चीत बसून टीव्ही बघताना?"

हाज्जा थांबल्या. टीव्हीचा विचार त्यांनी केलेला नव्हता. मग म्हणाल्या, "बातम्या लागल्या की दुखतं."

भिंतीला टेकलेला माणूस म्हणाला, "बातम्या लागल्या की माझंही दुखतं, हाज्जा." सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फोटो उजेडाकडे धरून पाहिला, रक्ताचे निकाल पाहिले, गुडघा वाकवून सरळ करून पाहिला. हाज्जा योग्य त्या जागी "आई गं" म्हणाल्या.

"फोटोत सगळं जागच्या जागी आहे," डॉक्टर शौकींना म्हणाले. "रक्तातही काही नाही. आम्हाला काय हवं असतं सांगू? माणसानं विसरून जावं, की आत काही बसवलंय. पुष्कळ जण विसरतात. पण तुमच्या आईला तो क्षणभर विसरता येत नाहीये. फोटो चांगला आहे म्हणून मी तिला खोटं कसं ठरवू? दुखणं फोटोत येत नाही. बाई सांगते तेच खरं धरायचं."

मला वाटलं, इतका चांगला डॉक्टर आपल्या नशिबी का आला!

त्यांनी वेळ द्यायला सांगितला. शौकींकडे वेळ नव्हता. सुट्टी संपत आली होती. ते पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, आणखी काहीच नाही का, काहीच नाही? शेवटी डॉक्टर म्हणाले, "एक करता येईल. उघडून बघायचं. आतलं प्लास्टिक बदलायचं, सांधा सैल असेल तर घट्ट करायचा. पण मी आग्रह करणार नाही."

"मी करतो आग्रह," शौकी म्हणाले. "मी इथे असतानाच करा."

घरी येईपर्यंत हाज्जांनी कण्हण्याचासुद्धा आवाज काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या बऱ्या व्हायला लागल्या. अगदी बेतानं. सकाळी म्हणाल्या, "शौकी, त्या मोहरीच्या तेलानं जरा उतार वाटतोय रे." संध्याकाळी म्हणाल्या, "शेख साहेबांनी फुंकर मारली, त्यानं बराच आराम आहे." तिसऱ्या दिवशी तर शौकींसमोर दोन जिने उतरल्या, पाय न ओढता, गालावर हसू आणून.

शौकींच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली येऊन सब्रीला म्हणाले, "बघितलंस? आपल्याला त्रास नको म्हणून सोसतेय. लहानपणी तिच्या ताटात कधी मांस नसायचं, आठवतं? म्हणायची, मला आवडत नाही. ही तीच बाई आहे."

सब्री खुर्चीच्या पायाला पॉलिश लावत होता. तो म्हणाला, "हूं." एवढंच तो कुठल्याही गोष्टीवर म्हणतो.

मी धीर केला. म्हटलं, "अबू हाजिम," त्यांच्या थोरल्याचं नाव हाजिम, आम्ही त्यांना तशीच हाक मारतो, "जरा ऐका. त्या खरंच बऱ्या आहेत. आधीपासूनच. मी खाली राहते, मला वरची पावलं ऐकू येतात. त्या एकट्या असल्या की..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "नगवा, ऑपरेशननंतर सेवा कुणाला करावी लागणार, ते मला कळतं. बाई ठेवून देतो मी. तू काळजी करू नकोस."

सब्रीनं ब्रश खाली ठेवला. "शौकी," तो म्हणाला, "आता हे बोललास, पुन्हा बोलू नकोस." मग ब्रश उचलला. आमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली त्यात मी त्याच्याकडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य असेल. पण त्यानं ऑपरेशन काही टळलं नाही.

मी वर गेले. हाज्जा पलंगावर बसल्या होत्या. गुडघा त्यांच्यासमोर होता आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या, जसं परगावी चाललेल्या मुलाकडे बघावं.

"सांगून टाका, हाज्जा," मी म्हटलं.

"काय सांगू?"

गुडघ्याचं नाव मी घेतलं नाही, त्यांनीही घेतलं नाही.

"सांगितलं तर तो जाईल," त्या हळूच म्हणाल्या. "उम्म करमचा गेला तसा. नाही सांगितलं तर हे लोक कापतील. काय म्हणू मी? तूच बोल. तू पुस्तकं वाचतेस."

माझी पुस्तकं म्हणजे रद्दीच्या दुकानातून आणलेली. त्यांत याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "कापल्यावर तरी कुठे राहील, हाज्जा?"

"कापल्यावर दुखेल. दुखणाऱ्याला कोण बघतं?" आणि मग, "पण हा माझा आहे गं. याची मला सवय झालीय. म्हणजे सवयसुद्धा नाही. तो असतो, एवढंच."

ऑपरेशनच्या आधी शेवटची तपासणी होती. तेच दार, तीच गर्दी. उम्म करम याही वेळी बरोबर. तिच्या गुडघ्याचं पाणी तपासायचं होतं. डॉक्टर वगीह यांनी हाज्जांना टेबलावर बसवलं, झग्याचा काठ वर केला आणि खिशातून जाड निळं पेन काढलं. "कुठला गुडघा याची चूक होऊ नये म्हणून खूण करतो," ते म्हणाले, आणि मांडीवर खाली तोंड केलेला एक बाण काढला.

हाज्जांनी बाणाकडे पाहिलं. निळी शाई अजून ओली होती.

"पुसा ते," त्या म्हणाल्या.

"हाज्जा?"

"पुसा. मला दुखत नाही."

शौकी पुढे झाले. "यम्मा, घाबरू नकोस. मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच तर एवढं झालं!" हाज्जांचा आवाज चढला. "दुखत नाही मला. वर्षभर नाही दुखत. जास्तच झालं असेल. जिन्यात नाही, अंथरुणात नाही, टीव्ही बघताना नाही. तो तिथे आहे हेच मला आठवत नाही. झालं? ऐकलं सगळ्यांनी?"

खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "मग मी विचारलं तेव्हा?"

"तुम्ही दार उघडं ठेवून विचारलंत!" हाज्जा म्हणाल्या. "चार माणसांत कोण म्हणेल, माझं बरं आहे म्हणून? तुमच्या आईनं म्हटलं असतं?"

डॉक्टर वगीह जरा विचारात पडले. मला वाटतं, ते खरंच आपल्या आईचा विचार करत होते.

शौकींना अजून पटत नव्हतं. "डॉक्टर, ती असंच करते. आम्हाला त्रास नको म्हणून..."

हाज्जा टेबलावरून उतरल्या. "किब्ला कुठल्या बाजूला?" त्यांनी परिचारिकेला विचारलं. तिनं नमाजाची दिशा म्हणून खिडकीकडे बोट केलं. हाज्जांनी माझी शाल ओढून फरशीवर टाकली, "शुक्राचा सजदा आहे, अल्लाचे आभार मानायचा," म्हणाल्या, आणि गुडघ्यांवर बसून कपाळ टेकवलं. बाण रोखलेला गुडघा वाकला, टेकला, काहीच झालं नाही. क्षणभर त्या तशाच राहिल्या. मग हात न टेकवता उठून उभ्या राहिल्या.

भिंतीकडचा एक म्हातारा नुसता मान डोलवत होता. उम्म करम काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होती. तिचा चेहरा मला दिसत होता. त्यात हेवा होता का, मला सांगता येणार नाही. मला तरी तिथं लग्नात नाचणारी बाई दिसली.

"माशाअल्ला," ती शेवटी म्हणाली.

दृष्ट लागू नये म्हणून हा शब्द लगेच म्हणायचा असतो. पाहिलं की म्हणायचा, श्वास घ्यायच्या आधी. उम्म करमनं तो म्हटला, पण मधे एक श्वास गेला. तो हाज्जांनी ऐकला.

डॉक्टरांनी स्वतः स्पिरिट लावून बाण पुसला. शौकी खुर्चीत बसून रडले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हाज्जांनी त्यांच्या डोक्यावर चापट मारली, "गाढवा, आई बरी आहे म्हणून कुणी रडतं?" उम्म करमची तपासणी राहिली होती, म्हणून शौकी तिच्यासाठी मागे थांबले आणि आम्ही दोघी मायक्रोबसनं परत निघालो.

वाटभर हाज्जा खिडकीबाहेर बघत होत्या. पुलाशी उतरलो. मी भाडं देऊन वळले तर त्या रस्त्याच्या कडेला उभ्या, एक पाय पुढे, एक मागे, जणू पाण्यात उतरायचं की नाही ठरवतायत.

"काय झालं, हाज्जा?"

"काही नाही."

"दुखतंय?"

"नाही." त्या दोन पावलं चालल्या, थांबल्या. "कळतोय."

"काय कळतोय?"

"तो. आहे ते कळतंय. इतके दिवस नव्हता. म्हणजे असेल, पण मला नव्हता. आता दर पावलाला सलाम करतोय." त्यांनी माझा दंड धरला. "तिनं लगेच नाही म्हटलं ना गं?"

"म्हटलं की, हाज्जा."

"उशिरा म्हटलं. तू ऐकलंस."

मी ऐकलं होतं. त्या पुन्हा चालू लागल्या. टाच, चवडा, थांबा. टाच, चवडा, थांबा. आजवर त्या पाय ओढायच्या ते मला माहीत होतं. हे निराळं होतं. यात चेहरा नव्हता. चेहरा तर रिकामा होता, कान लावून बसलेल्या माणसाचा. रस्ता ओलांडायचा होता आणि त्या गुडघ्याला विचारत उभ्या होत्या, तयार आहेस का म्हणून.

बरं वाटेल, असं म्हणणं म्हणजे पुन्हा त्याचं नाव काढणं. काही नाही झालं, म्हणणं म्हणजेही तेच. डॉक्टरांचं म्हणणं खरं असेल, तर त्यावर औषध एकच होतं, विसरणं, आणि ते सांगून देता येत नाही.

"रात्री पाहुण्यांसाठी बदक भरायचंय ना, त्याचं मी ठरवलंय," मी म्हटलं. "या वेळी कांद्याच्या सारणात मनुका घालायच्या नाहीत."

हाज्जांनी मान वळवली. "काय म्हणालीस?"

"मनुका नको. गोड होतं. सब्रीला आवडत नाही."

सब्री त्या मनुका चोरून खातो.

"सब्रीला आवडत नाही?" हाज्जा म्हणाल्या. "सब्रीला? माझ्या पोटातून आलाय तो, का तुझ्या? माझी आई घालायची, तिची आई घालायची, आख्खं दुम्यात घालतं, आणि ही बया मला शिकवणार, बदकात मनुका नको! उद्या म्हणशील, बदकच नको, कोंबडी भरा!"

"कोंबडीही वाईट नाही लागत."

"अल्ला!" हाज्जांनी माझा दंड सोडला. दोन्ही हात आभाळाकडे केले, एका टांग्यावाल्याला शिवी घातली, कारण तो मधे आला, आणि तरातरा रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. "कोंबडी म्हणे! पाहुण्यांसमोर मी कोंबडी ठेवू? तुझ्या माहेरी ठेवतात वाटतं!"

मी मागोमाग गेले. मासळीवाल्याच्या टोपल्यांकडे बघत होते, पुलाच्या कठड्याकडे, एका दुकानावरच्या पाटीकडे. कुठेही, त्यांच्या पायांकडे सोडून.

"आणि जायफळ," मी मागून ओरडले, "जायफळही नको म्हणते मी!"